सड्यावरची यकृतका : पायाखालच्या एका वनस्पतीची ओळख



आपल्या मंडळ्यांतील आणि हितचिंतकांपैकी पुष्कळजण पावसाळ्यात वाड्यावस्त्यांना भेट द्यायला येतात. गगनबावडा, राधानगरी किंवा शाहूवाडीच्या बाजूला गाडी घाट चढून सड्यावर आली, की बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: एवढी मोठी जमीन अशी पडीक का? मग झाडे लावण्याचा विषय निघतो. कोणी शंभर रोपांचे पैसे देऊ करतो, कोणी हजार रोपांचे. भावना चांगली असते. पण ती जमीन पडीक नाही, आणि तिथे खड्डे खणून रोपे लावणे हे त्या जागेच्या दृष्टीने नुकसानीचे काम आहे. असे का म्हणायचे, ते समजण्यासाठी या अंकात सड्यावर राहणाऱ्या एका अगदी लहान वनस्पतीचा अभ्यास घेतला आहे. तिचे नाव यकृतका. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनी तिला लिव्हरवर्ट म्हणून ओळखावे.

नववी-दहावीच्या विज्ञानात ब्रायोफायटा नावाचा गट असतो. रिक्सिया, मार्केन्शिया, फ्युनारिया ही नावे अनेकांनी परीक्षेपुरती पाठ केली असतील. या गटाला वनस्पतीसृष्टीचे उभयचर म्हणतात, कारण ही मंडळी जमिनीवर राहतात, पण वंश वाढवण्यासाठी त्यांना पाणी लागतेच. यकृतका त्याच गटातल्या. जगात त्यांच्या सात हजारांच्या आसपास जाती आहेत. नाव पडले ते आकारावरून: काही जातींचे चपटे, खाचा असलेले शरीर काळजासारखे, म्हणजे यकृताच्या पाळ्यांसारखे दिसते. जुन्या काळी युरोपात अशी समजूत होती की वनस्पती ज्या अवयवासारखी दिसते त्या अवयवाच्या आजारावर ती औषध असते. त्या समजुतीला आधार नाही, नाव मात्र चिकटून राहिले. आपल्याकडे बोलीत वेगळे नावच नाही. ओले, हिरवे आणि बुळबुळीत जे काही असेल ते सगळे शेवाळ.

या वनस्पतीला खरे मूळ नाही. खालच्या बाजूला केसासारखे तंतू असतात, ते तिला दगडाला किंवा मातीला धरून ठेवतात. पाणी वर चढवणाऱ्या नळ्या नाहीत. फूल नाही, बी नाही. सगळ्या अंगाने ती पाणी शोषते, आणि ऊन पडले की सगळ्या अंगाने ते गमावते. आपल्या झाडांच्या पानांवर मेणासारखा थर असतो, तसा थर तिच्यावर नसल्यासारखाच. म्हणून हवेत किंवा पाण्यात जे काही मिसळलेले असेल, ते थेट तिच्या पेशींत जाते. धूळ, धूर, खताचे पाणी, साबणाचे पाणी यांचा तिला इतर झाडांपेक्षा लवकर त्रास होतो तो यामुळे.

वंश वाढवण्याची तिची रीत पाहण्यासारखी आहे. मार्केन्शियात नर आणि मादी रोपे वेगळी असतात. नरपेशीला मादीपर्यंत पोहत जावे लागते. ती पोहते कशात, तर पावसाच्या थेंबाने अंगावर पसरलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात. थेंब आपटला की तुषार उडतात आणि त्यांच्याबरोबर नरपेशीही जातात. फलन झाल्यावर बीजाणूंची लहानशी डबी तयार होते. तिच्यात बीजाणूंबरोबर स्प्रिंगसारखे पिळलेले धागे असतात. हवा कोरडी झाली की ते धागे वळतात, उलगडतात आणि बीजाणू बाहेर फेकले जातात. याशिवाय मार्केन्शियाच्या अंगावर बारीक कपासारख्या वाट्या असतात. त्यांत हिरव्या कण्या धरतात, थेंब पडला की त्या उडून पडतात आणि जिथे पडतील तिथे नवे रोप तयार होते. पाऊस नुसता प्यायलाच नाही तर प्रवासालाही वापरणारी ही वनस्पती आहे.

शास्त्रज्ञांना सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जमिनीवरच्या वनस्पतींचे सर्वांत जुने बीजाणू सापडले आहेत, आणि त्यांची ठेवण यकृतकांच्या बीजाणूंशी मिळतीजुळती आहे. डायनासोर यायला तेव्हा अजून तेवीस-चोवीस कोटी वर्षे होती.

शास्त्रात वाचलेल्यांना शलमोन राजाची आठवण होईल. १ राजे या पुस्तकात सांगितले आहे की तो मोठ्या गंधसरूविषयी बोलत असे तसाच भिंतीत उगवणाऱ्या एजोबाविषयीही बोलत असे. अठराव्या शतकात लिनियसचा शिष्य हॅसेलक्विस्ट पॅलेस्टाइनात गेला होता. भिंतीवरचा हा एजोब म्हणजे एक बारीक शेवाळवर्गीय वनस्पती असावी, असा तर्क त्याने केला. आजचे बहुतेक अभ्यासक एजोब म्हणजे ओव्यासारख्या वासाचे एक झुडूप मानतात, त्यामुळे हॅसेलक्विस्टचा तर्क टिकला नाही. तरी गंधसरूच्या जोडीला बसवायला त्याला शेवाळ सुचले, हे मला आवडते.

आता सड्याकडे वळू. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला तो पाच हजारांच्या वर जातो. या पावसाने लाखो वर्षे काळा कातळ धुऊन काढला. त्यातले विरघळणारे सगळे वाहून गेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम मागे राहिले. त्यातून तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड झाला. सह्याद्रीच्या माथ्यावर हा जांभा टोपीसारखा बसला आहे. त्यावर माती असते ती चार बोटे, कित्येक ठिकाणी तीही नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हा सडा पाण्याने भरलेला असतो: उथळ डबकी, झिरपणारे ओहोळ, ओला चिखल. ऑक्टोबरच्या उन्हात तो सुकतो आणि मे महिन्यात तव्यासारखा तापतो.

चार महिने दलदल आणि आठ महिने वाळवंट अशा जागी झाड कसे जगणार? मोठे झाड जगत नाहीच. म्हणून सडा उघडा दिसतो. त्याला कोणी तोडून उघडा केलेला नाही, तो मुळातच तसा आहे. इथे जगतात ते हंगामी जीव. मातीत नत्र फार कमी, म्हणून काहींनी किडे खाऊन पोट भरण्याची सोय केली आहे. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात. सीतेची आसवे ही निळी-जांभळी नाजूक फुले, त्यांच्या मुळाशी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात. वायतुरा म्हणून एक पाणवनस्पती आहे, तिचा गुलाबी तुरा दोन फाट्यांचा असतो. तिचे शास्त्रीय नाव सातारा जिल्ह्यावरून पडले, १९८२ साली ती जगाला नवी जात म्हणून कळली आणि आज ती संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत आहे. सड्यांवरच्या अशा वनस्पतींच्या अभ्यासात आपल्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग, विशेषतः प्रा. श्रीरंग यादव यांचे काम मोठे आहे. कोल्हापूरकरांनी अंबाबाई आणि रंकाळ्याइतकेच त्याविषयी बोलायला हरकत नाही.

या सगळ्यांच्या आधी सड्यावर येतात त्या यकृतका आणि त्यांची चुलत भावंडे असलेल्या हरिता, म्हणजे मॉस. जूनच्या पहिल्या सरी होऊन आठ-दहा दिवस झाले की तांबड्या मातीवर रुपयाएवढी हिरवी चक्रे दिसू लागतात. मधून दोन, त्या दोनातून चार अशा फाट्या फुटत गेलेल्या असतात. ही रिक्सिया. जांभ्याच्या कडेला, थोड्या आडोशाला टार्जिओनिया असते. उन्हाळ्यात तिच्या दोन्ही कडा आत वळतात आणि ती काळ्या-जांभळ्या दोऱ्यासारखी पडून राहते, कोणाला ती मेलेली वाटेल. पाणी मिळाले की थोड्याच वेळात कडा उलगडतात आणि आतले हिरवे अंग वर येते. घळीच्या तोंडाशी, किल्ल्याच्या जुन्या तटाच्या सावलीत सायाथोडियम दिसते. ते इतके पातळ असते की अंधुक उजेडातही त्याच्या पेशी तो उजेड परतवतात आणि भिंत हिरवट-सोनेरी चमकल्यासारखी वाटते. पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलात तर सावलीतल्या ओल्या दगडांकडे थोडे वाकून पाहा.

पन्हाळ्यापलीकडचे मसाई पठार सगळ्यांना माहीत आहे ते वेगळ्या कारणाने. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले ते याच वाटेने, भर पावसात. दरवर्षी त्या मोहिमेच्या स्मरणार्थ शेकडो तरुण ही वाट चालतात. चिखलातून, डबक्यांतून, धुक्यातून ते जातात तेव्हा त्यांच्या पायाखाली नेमकी ही हंगामी दलदल असते.

थंड देशांत, डोंगरमाथ्यावरच्या पीट नावाच्या दलदलीत यकृतकांची मोठी वस्ती असते. पीट म्हणजे काय, तर पाण्याखाली हवा न मिळाल्यामुळे न कुजता थरावर थर साचलेला वनस्पतींचा अवशेष. स्कॉटलंड-आयर्लंडच्या डोंगरांत स्फॅग्नम नावाची शेवाळी ही दलदल तयार करते आणि तिच्या गाद्यांमधून बारीक यकृतका सरपटत वाढतात. पहिल्या महायुद्धात हेच स्फॅग्नम जखमांवर बांधायला कापसाऐवजी वापरले गेले. जगाच्या जमिनीपैकी तीन टक्क्यांच्या आसपास जागा पीटची आहे, पण तिच्यात साठलेला कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यातील कार्बनापेक्षा जास्त आहे. दलदलीला चर मारून पाणी काढले, की हा साठा हवेत जायला लागतो आणि तिच्यावर जगणाऱ्या यकृतका वाळून जातात. युरोपातल्या कित्येक जाती अशा संपत आल्या. आपल्या देशात निलगिरीच्या माथ्यावर पीट आहे, त्यातले काही थर वीस हजार वर्षांहून जुने आहेत.

कोल्हापूरच्या सड्यावर पीट होत नाही, कारण आठ महिन्यांचे ऊन सगळे सुकवून टाकते. पण दोन्ही जागांचे स्वभाव जुळतात. दोन्हीकडे पाणी साचलेले, माती आंबट आणि नत्राने गरीब. दोन्हीकडे किडे खाणारे दवबिंदू आणि आसवांचे भाईबंद सापडतात. दोन्हीकडे जमीन बघणाऱ्याला निरुपयोगी वाटते, आणि दोन्हीकडे पाण्याची वाट बदलली की सगळे संपते.

भारतात यकृतकांचा पाया घालणारे शास्त्रज्ञ म्हणजे लाहोरचे शिवराम कश्यप. जन्म १८८२ चा, मृत्यू १९३४ चा. त्यांनी हिमालयात पायी फिरून या वनस्पती गोळा केल्या आणि १९२९ व १९३२ साली दोन भागांत त्यांचा ग्रंथ निघाला. सेवर्डिएला, एचिसोनिएला अशा काही वनस्पती त्यांनी पहिल्यांदा वर्णन केल्या. त्या पश्चिम हिमालयाबाहेर सहसा कुठे नाहीत. सेवर्डिएला उन्हाळा काढण्यासाठी मातीत लहान गाठी धरते, आणि पाऊस आला की गाठीतून नवे रोप निघते. इतकी हुशारी असूनही तिची आणि एचिसोनिएलाची नावे जागतिक संकटग्रस्त यादीत गेली. रस्ते, बांधकामे, पर्यटन आणि उतारावरची माती ढासळणे ही त्यामागची कारणे. मातीत गाठी ठेवणाऱ्याची मातीच उचलून नेली तर गाठींचा काय उपयोग?

आपल्या सड्यांवर माती आणि दगड दोन्ही उचलले जातात. जांभ्याच्या टोपीत बॉक्साइट आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज. राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाड आणि चंदगड तालुक्यात कासारसडा येथे त्याच्या खाणी झाल्या. खाण संपल्यावर खड्डा भरून वर झाडे लावतात, आणि अहवालात ती जागा हिरवी झाली अशी नोंद होते. पण ती सड्याची हिरवाई नसते. चार बोटांचा थर आणि त्याखालचा भोकांचा दगड हेच सड्याचे घर आहे, आणि ते माणसाला परत बांधता येत नाही. कोकणाच्या बाजूला कातळ फोडून, बाहेरची माती भरून आंबा-काजूच्या बागा केल्या जातात. पवनचक्क्यांसाठी रस्ते निघतात. सुटीच्या दिवशी गाड्या थेट सड्यावर चढतात आणि चाकांच्या चाकोऱ्यांतून पाण्याचा ओघ बदलतो. उन्हाळ्यात लावलेला वणवा गवताबरोबर मातीचा पापुद्राही जाळतो. यात वृक्षारोपणाची भर आपण घालू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

सरकारी दप्तरही या जागेला ओळखत नाही. सातबाऱ्यावर सडा बहुधा पोटखराबा म्हणून दिसतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित वनस्पतींची जी यादी होती, तिच्यात सुमारे तीस वर्षे देशभरातल्या फक्त सहा वनस्पती होत्या. २०२२ च्या दुरुस्तीत ती थोडी वाढली. सहांमध्ये यकृतका एकही नव्हती. गवा, बिबट्या, धनेश यांच्यासाठी माणसे रस्त्यावर येतात, रिक्सियासाठी कोणी येणार नाही हे उघड आहे. म्हणून तिला वाचवायचे तर तिची जागा वाचवावी लागते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणे जागतिक वारसा म्हणून घोषित केली, त्यात कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही महाराष्ट्रातील चार आहेत. या यादीबाहेर राहिलेले सडे कितीतरी जास्त आहेत.

आपल्या कामाशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध पाण्याचा आहे. जांभा भोकाभोकांचा असल्यामुळे पावसाचे पाणी त्यातून खाली उतरते. खाली चिकण मातीचा मऊ थर लागतो, तिथे ते अडते आणि सड्याच्या कड्याखाली झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. धनगरवाड्यांचे आणि कड्याखालच्या वस्त्यांचे पिण्याचे पाणी पुष्कळ ठिकाणी या झऱ्यांवर असते. सड्याचा दगड काढला तर पाणी मुरायला जागा उरत नाही. ते पावसाळ्यात गढूळ होऊन धावते आणि मार्चपासून बायकांच्या डोक्यावरचा हंडा लांब लांब जाऊ लागतो. यकृतका या झऱ्याचे पाणी तयार करते, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण तिचा आणि इतर शेवाळींचा पातळ थर मातीचे कण धरून ठेवतो, पावसाच्या माऱ्याने माती वाहू देत नाही, आणि गवताच्या बीला ओलावा मिळवून देतो. शृंगशैवाली म्हणून जे अँथोसिरॉसचे कुळ आहे, त्याच्या अंगात नॉस्टॉक नावाचे जीव राहतात आणि ते हवेतला नत्र बांधून देतात. जिथे मातीत नत्र नाही तिथे ही मोलाची मदत आहे. जनावरे चरतात ते गवत याच थरावर उगवते.

वस्तीच्या हातात काही कायदेशीर साधनेही आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असली पाहिजे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार झाली पाहिजे. बऱ्याच नोंदवह्यांत आंबा, फणस, हिरडा, बिबट्या एवढेच लिहून पाने संपतात. सड्यावरची डबकी, झरे आणि पावसाळी वनस्पती त्यात लिहून घ्याव्यात, कारण उद्या खाणीचा प्रस्ताव आला तर दाखवायला कागद लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला आपल्या परंपरागत वनाचे रक्षण करण्याचा सामूहिक हक्क मागता येतो. आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासींनाही तो कायदा लागू आहे, मात्र त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. धनगरवाड्यांवर घोडे अडते ते इथे. जुने कागद नसतात. थडगी, देवाची ठिकाणे, वाड्याचे जुने जोते, म्हाताऱ्या माणसांचे जबाब हेही पुरावे म्हणून चालतात, हे वस्तीवरच्या लोकांना सांगणारे आणि अर्ज नीट भरून देणारे माणूस हवे. आमच्या मते एका जाणत्या कार्यकर्त्याचा सहा महिन्यांचा प्रवासखर्च हजार रोपांपेक्षा सड्याच्या जास्त उपयोगी पडेल. रोपे लावायचीच असतील तर वस्तीच्या परसात, शाळेच्या कुंपणाला, ओढ्याच्या काठी लावावीत. तिथे माती आहे, सावली हवी आहे, आणि पाणी घालायला माणसेही आहेत.

यंदा भेटीला येणाऱ्यांसाठी आणि वसतिगृहातील मुलांच्या शिक्षकांसाठी थोडे पाहण्याविषयी. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग बरोबर घ्या. वाटेवरूनच चाला, डबक्यात उतरू नका. वनस्पती उपटू नका, गुडघ्यावर बसून जागच्या जागी पाहा. जूनच्या अखेरीस रिक्सियाची चक्रे सापडतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओढ्याच्या ओल्या काठावर मार्केन्शियाच्या वाट्या पाहायला मिळतील, त्यातली एखादी कणी थेंबाने कुठे उडते ते मुलांना मोजू द्या. सप्टेंबरात आसवे आणि दवबिंदू फुलतात, तेव्हा गर्दी होते. उन्हाळ्यात येणार असाल तर जांभ्याच्या कडेला टार्जिओनियाचे काळे दोरे शोधा आणि बाटलीतले चमचाभर पाणी एकावर टाकून मुलांना घड्याळ लावायला सांगा. ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुमारास, रिक्सिया पिवळी पडून मातीत मिसळते. तिचे बीजाणू त्याच चार बोटे मातीत पुढच्या मृगापर्यंत पडून असतात, म्हणून त्या दिवसांत सड्यावरची माती घमेल्यात भरून परसबागेसाठी कोणी नेऊ नये.